शांत खोलीची उत्तर दिशा

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण मोठी कामं करणाऱ्या माणसाने नोंद ठेवावी, आणि आज मला मोठं काम मिळालं.

सकाळच्या मीटिंगमध्ये डायरेक्टरसाहेब म्हणाले, आपल्या हॉस्पिटलमध्ये सगळ्या धर्मांचे पेशंट येतात. नातेवाइकांना दोन मिनिटं डोळे मिटून बसायला जागा नाही. बिचारे जिन्यात उभे राहून प्रार्थना करतात आणि ट्रॉली अडते. एक शांत खोली हवी. सर्व धर्मांची. प्रशासन बघेल.

प्रशासन म्हणजे मी. मी आणि एक प्रिंटर.

खोली ठरली. तळमजल्यावर, एमआरआयला लागून, सध्या मोडक्या खुर्च्या आहेत ती. खिडकी नाही. पण देवाला खिडकी कशाला लागते?

दुसरं: आई काल चौथ्या मजल्यावर दाखल झाली. पाठीच्या मणक्याजवळ गाठ आहे, काढायची आहे. ऑपरेशन सतराला, तोवर तपासण्या. एरवी ती ताईकडे असते, दुसऱ्या गावात. तिकडे दोन चांगली हॉस्पिटलं आहेत, पण हट्ट धरला की इथेच यायचं, तिथे आपला माणूस आहे. आपला माणूस म्हणजे मी. बेड खिडकीचा मिळवून दिला, फोनवरून. आता ताई सोबत आहे, म्हणजे काळजी नाही.

संध्याकाळी वर जाणार होतो. पण खोलीची मापं घ्यायची राहिली होती.

उद्याचं पहिलं काम: आई.

५ फेब्रुवारी

काल लिफ्टपुढे रांग होती. जिना आहे, पण गुडघा.

अभ्यासाला सुरुवात. आधी मूळ समजून घ्यायचं, मग रंग. प्रत्येक धर्म कुठे जन्मला हे आज दिवसभर वाचलं. यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम: तिघेही पश्चिम आशिया, तसे शेजारीशेजारीच. पारशी: इराण. बहाई: तेही इराण, पण पुष्कळ उशिरा. हिंदू, बौद्ध, जैन, शीख: भारतीय उपखंड. ताओ आणि कन्फ्युशियस: चीन. शिंतो: जपान. म्हणजे सगळा कारभार आशियातच! बाकीच्या खंडांनी काय केलं? तर तिथेही जुने धर्म आहेत, पुष्कळ आहेत, पण मोठ्यांच्या यादीत येत नाहीत, असं लिहिलंय. म्हणजे तिथेही प्रशासनच, काम पुष्कळ, यादीत नाव नाही.

वाचता वाचता कल्पना सुचली. अशी कल्पना माणसाला आयुष्यात एकदा सुचते. छतावर बाण! प्रत्येक धर्माचा बाण, त्याच्या जन्मस्थानाकडे रोखलेला. माणूस कुठल्याही धर्माचा असो, आपण जिथून आलो तिकडे तोंड करून बसला की त्याला बरं वाटतं. हा माझा स्वतःचा सिद्धान्त. कुठे छापून आणता येईल का बघणे.

ताईचा फोन. आई विचारतेय, आज ड्यूटीवर आहेस ना? आहे म्हटलं. मग ये की वर, परदेशात आहेस का? मी म्हटलं, ताई, भेटीची वेळ चार ते सहा. तो नियम मी केलाय. मीच मोडला तर बाकीच्यांनी काय करायचं? ती म्हणाली, मग चार ते सहात ये. आता चार ते सहाच मला काम असतं हे तिला कसं सांगणार?

७ फेब्रुवारी

स्टाफमध्ये पाहणी केली. सर्व बाजू ऐकून घेणारा माणूस म्हणून माझं नाव आहे.

औषधांच्या काउंटरवरचे फार्मसिस्ट मुसलमान. त्यांनी दिशा लगेच सांगितली: काबा. हिशेब चोख. हा माणूस प्रशासनात हवा होता.

फिजिओ बाई ख्रिस्ती. जुनी चर्चं पूर्वेकडे तोंड करून बांधत म्हणाल्या, पण मी आपली सिग्नलला स्कूटरवर बसूनच म्हणून टाकते, लाल असेपर्यंत. म्हणजे दिशा ट्रॅफिकवर अवलंबून. हे छतावर कसं दाखवणार? जेरुसलेमकडे बाण पक्का केला. यहुदींचाही तिकडेच. एका स्टेन्सिलमध्ये, म्हणजे रंगाच्या साच्यात, दोन कामं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई बौद्ध. त्या म्हणाल्या, आम्हाला दिशा नाही हो, जिथे बसाल तिथे. असं कसं चालेल? मी म्हटलं, जन्मस्थान तर आहे? लुंबिनी आहे म्हणाल्या. मग झालं तर. पण एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली ती टिपून ठेवतो. त्यांचा धर्म जिथे जन्मला तिथे आता थोडा आणि बाहेर जास्त. ख्रिस्ती धर्माचंही तेच. घर सोडून गेलेल्या मुलांसारखं. मोठी झाली, नाव काढलं, पण घरी म्हाताऱ्या माणसांशिवाय कोणी नाही.

मग मला म्हणाल्या, तुमच्या आईला सतराला भूल मीच देणार आहे. काल तपासायला गेले होते. एकसारख्या तुमच्याबद्दल विचारत होत्या, माझा बाळ्या जेवतो का वेळेवर, तुम्ही बघता का? मी काय सांगू त्यांना?

विद्वान बाई, पण विषयांतर फार करतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

महत्त्वाचा दिवस. स्टेशनरीच्या दुकानातून होकायंत्र आणलं. चांगलं, काचेचं झाकण असलेलं. मोबाइलमध्येही असतं म्हणे, पण धर्माच्या कामात मोबाइल नको.

आज आईचा एमआरआय होता. शेड्यूल माझ्याकडूनच जातं, त्यामुळे वेळ ठाऊक होती. त्याच वेळी दिशा घ्यायची असं मी आधीच ठरवलेलं होतं. ठरलेलं वेळापत्रक आपण घरच्या गोष्टींसाठी बदलू लागलो तर संस्था चालत नाही.

भिंतीच्या पलीकडून मशीनचा आवाज येत होता. ठक ठक ठक, मग घर्र, मग पुन्हा ठक ठक. आत एकटं निजावं लागतं. हलायचं नाही. आईला बंद जागेत घुसमटतं, लिफ्टमध्येसुद्धा माझी बाही धरते.

होकायंत्र मात्र अप्रतिम निघालं. सुई थोडी डुलली आणि मग अशी ठाम उभी राहिली की बस. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात न्या, थेट त्या भिंतीकडेच बोट. एवढी खात्री मी माणसातही पाहिलेली नाही. उत्तर सापडलं!

बाहेर पडलो असतो तर कॉरिडॉरमध्ये भेट झाली असती. पण मापं पुन्हा तपासणं भाग होतं. आवाज थांबला, व्हीलचेअर गेली, तरी तपासत होतो.

१२ फेब्रुवारी

रंगारी आला. याला सगळे कलाकार म्हणतात, कारण याने एकदा डायरेक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये ढग काढले होते. मी प्रत्येक धर्माला वेगळा रंग सांगितला होता. कलाकार म्हणाला, स्टोअरमध्ये एकच डबा उरलाय, पार्किंगचा पिवळा. स्टेन्सिलही पार्किंगचीच आहे. मी विचार केला. सगळ्यांना एकच रंग, एकच बाण. ही तर समानतेची कल्पना! माझ्या मनात पहिल्यापासून हेच असणार.

उत्तर कुठे ते भिंतीवर खूण करून दिलं आणि तिथून बाकीच्या दिशा मोजल्या. बाणांचे दोन गठ्ठे झाले, एक पश्चिम आशियाकडे, एक उपखंडाकडे, आणि चीन-जपानचे तीन एका बाजूला. कलाकार शिडीवरून म्हणाला, साहेब, या कोपऱ्यात जॅम होणार, एखादा यू-टर्न काढू का?

धार्मिक बाबतीत मी विनोद करत नाही. नको म्हटलं.

पाट्याही प्रिंट केल्या. ‘येथे फक्त शांत बसावे.’ ‘आपापल्या बाणाखाली बसावे.’ ‘दुसऱ्याच्या बाणाखाली बसू नये.’ शेवटची नंतर काढली. जरा कडक वाटली.

वर जाणार होतो, पण अंगाला रंगाचा वास येत होता. पेशंटला त्रास.

१४ फेब्रुवारी

उद्घाटनाआधीच खोलीला उत्तम प्रतिसाद. सकाळपासून माणसांची रीघ. जरा चौकशी केल्यावर कळलं की पिवळे बाण बघून लोक एक्स-रे शोधत आत येतात. एक गृहस्थ लुंबिनीच्या बाणाखाली मोबाइल चार्जिंगला लावून झोपले होते. उठवलं तर म्हणाले, पाटीवर शांत बसावे लिहिलंय, मी तर बसलोही नाही, आडवाच झालोय. यावर नियमात काही नाही. करावं लागेल.

उद्घाटन सतराला, अकरा वाजता. डायरेक्टरसाहेबांना तोच दिवस मोकळा आहे.

दुपारी ताई खाली आली. दारात उभी राहून तिने छताकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाली, पार्किंग आत आणलंस का रे, बाळ्या?

मी तिला संकल्पना समजावून सांगितली. जिथून आलो तिकडे तोंड, वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, आई रोज चार वाजायच्या आधी केस विंचरून बसते. पाठ दुखते तरी उशी लावून बसते. सहा वाजले की म्हणते, आज त्याला काम असेल. मग आडवी होते.

मी म्हटलं, सतराला उद्घाटन झालं की मोकळाच आहे. ती म्हणाली, सतराला ऑपरेशन आहे. मी म्हटलं, म्हणूनच तर! खोली तयार असली की तुला बसायला बरं पडेल. आपला बाण कुठला ते दाखवू का?

ती काही न बोलता गेली. लहानपणीही ताई भांडायची तेव्हा मला काही वाटायचं नाही. गप्प बसली की मी तिच्या मागे मागे फिरायचो. आज लिफ्टपर्यंत गेलो, पण रांग होती.

संकल्प: उद्या दहा वाजता चौथा मजला. काहीही होवो.

१५ फेब्रुवारी

काहीही झालं. पाण्याची टाकी वाहिली.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी असून आलो. मुद्दाम जिन्याने गेलो, गुडघ्याची पर्वा न करता. चौथ्या मजल्यावर वॉर्डच्या दारापर्यंत पोचलो. चार वाजून गेले होते. नियमातही बसत होतं.

दाराशी आग विझवायचा लाल सिलिंडर आहे. त्याची तारीख कोणी बघत नाही. मी बघितली. पुढच्याच महिन्यात संपतेय! एवढ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न. तिथेच उभं राहून तीनदा वाचली.

आतून आईचा आवाज येत होता. आवाज बारीक झालाय. शेजारच्या बेडवरच्या बाईंना सांगत होती, माझा मुलगा इथे मोठ्या हुद्द्यावर आहे. सध्या जगातल्या सगळ्या धर्मांचं काम त्याच्याकडे आहे. त्या बाई म्हणाल्या, अगंबाई, एकट्याकडे? आई म्हणाली, हो ना, मदतीला कोणी देत नाहीत त्याला. दोन घास खायला वर यायला मिळत नाही.

सिलिंडरचं पत्र आजच टाइप करणं गरजेचं होतं. लगेच खाली आलो.

उद्याचा बेत पक्का आहे. ऑपरेशन साडेदहाला. साडेनऊला वर जायचं, आईशी बोलायचं, तिला खाली नेईपर्यंत थांबायचं, अकराला उद्घाटन. सगळं बसतं. काय बोलायचं त्याचे मुद्देही काढलेत. एक: बेड ठीक आहे ना. पुढचे सुचतील.

१७ फेब्रुवारी, सकाळ

साडेनऊला गेलो. बेड रिकामा होता.

चादर काढायला घेतली होती. दोघी जणी होत्या, एक उशीचा अभ्रा उलटा करत होती. चादर कधी काढायची याचा नियम मीच लिहिलाय: पेशंट जागेवरून हलल्यावर. हलण्याची दोन कारणं खाली दिलेली आहेत, पहिलं डिस्चार्ज. दुसरं कारण त्या क्षणी आठवलं आणि मी तिथल्या खुर्चीवर बसलो.

मग सिस्टर म्हणाल्या, अहो, लवकर नेलं त्यांना, आधीची केस रद्द झाली. तुम्हाला फोन लावत होतो, एंगेज होता. तो एंगेज होता कारण मी फुलवाल्याशी रिबनबद्दल बोलत होतो.

टेबलावर आईचा कंगवा होता. त्यात दोन पांढरे केस.

१७ फेब्रुवारी, दुपार

उद्घाटन झालं असं म्हणता येईल.

रिबन आलीच नाही. बँडेज बांधलं. डायरेक्टरसाहेबांनी ड्रेसिंगच्या कात्रीने कापलं. फोटो. मी संकल्पनेवर बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात एक नातेवाईक गृहस्थ पुढे आले, त्यांची बायको वर आयसीयूत आहे. त्यांना नमाज पढायचा होता. चटई बाणाखाली अंथरली, वर बघितलं, मग उचलून भलत्याच बाजूला तिरकी अंथरली. मी नम्रपणे म्हटलं, बाण इकडे आहे. ते म्हणाले, हो, पण दिशा तिकडे आहे.

मी म्हटलं, होकायंत्राने मोजलंय, ही भिंत उत्तर.

ते म्हणाले, साहेब, मी आठवडाभर बाहेर आवारातल्या बाकावर झोपतोय. रोज सकाळी सूर्य याच भिंतीच्या बाजूने वर येतो. उत्तरेला उगवतो का सूर्य?

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, फेब्रुवारीत जरा सरकतो.

डायरेक्टरसाहेब म्हणाले, एवढा?

मग ते पुढच्या मीटिंगला गेले. गृहस्थांनी शांतपणे नमाज पढला. चटई गुंडाळताना मला म्हणाले, खोली मात्र चांगली केलीत, पंखा आहे.

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाक आहेत. आईसाठी गेलो असं नाही, उंचावर होकायंत्र तपासायचं होतं. ताई बसली होती. मी शेजारी बसून होकायंत्र काढलं. सुई सरळ जिन्याकडे! खाली एक उत्तर, वर वेगळंच. मी ताईला म्हटलं, बघ, दुकानदाराने फसवलं, माल खराब दिला.

ताईने विचारलं, मोजलंस कुठे? खोलीतच म्हटलं. एमआरआयशेजारी? हो.

 ती म्हणाली, अरे बाळ्या, त्या दिवशी आईला आत न्यायच्या आधी तिच्या केसांतल्या पिना काढायला लावल्या, बांगडी काढली, चष्मा काढला, माझं घड्याळसुद्धा बाहेर ठेवायला सांगितलं. म्हणाले, केवढं तरी मोठं चुंबक आहे आत, खेचून घेईल. दारावर पाटी आहे एवढी मोठी.

ती पाटी मीच प्रिंट केली होती.

तू तिथे असतास तर कळलं असतं, ताई म्हणाली.

मी म्हटलं, तिथेच होतो. भिंतीच्या पलीकडे. आवाज थांबेपर्यंत होतो.

यावर ती चिडेल असं वाटलं होतं. पण तिने माझ्या हातातून होकायंत्र काढून घेतलं, झाकण लावलं आणि माझ्याच खिशात ठेवलं. मग एकदम हसायला लागली. तोंडावर पदर धरून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाली, जगातल्या सगळ्या देवांना त्या मशीनच्या तालावर फिरवलंस की रे! मलाही हसू आलं. दिव्याखाली ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. तीही माझीच.

मग दोघंही थांबलो. दार अजून बंद होतं.

१७ फेब्रुवारी, नंतर

ताईने खाली पाठवलं, म्हणाली, काहीतरी खाऊन ये, सकाळपासून उपाशी असशील. खायला गेलो नाही. शांत खोलीत गेलो. कोणी नव्हतं. नकाशा काढून बाण खरे कुठे जातात ते बघितलं. एक गठ्ठा सरळ हिमालयात. दुसरा थेट समुद्रात.

बसलो. कुठल्या बाजूला तोंड करून बसायचं ते कळेना. आपला बाण कुठला हे माहीत होतं, पण तो खोटा. एकदा इकडे वळून बसलो, एकदा तिकडे. पलीकडे दुसऱ्या कुणासाठी मशीन सुरू झालं. ठक ठक ठक. मी डोळे मिटले आणि वरच्या मजल्याकडे तोंड करता येईल का, असा विचार केला. मान दुखते.

त्यासाठी स्टेन्सिल नाही.

सर्जननी फोन केला. गाठ पूर्ण निघाली. पायाची बोटं हलवून दाखवली म्हणे तिने, शुद्धीवर येता येता.

लिफ्टपुढे रांग होती. जिन्याने गेलो. पण रिकव्हरीत आत सोडेनात, चार तास कोणीही नाही. नियम कुणाचा ते विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी

डायरेक्टरसाहेबांचा आदेश: छत पांढरं करा, बाण नकोत, ज्याला जिकडे बसायचं तिकडे बसू दे. भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, मी तेच म्हणत होते. कलाकाराने दोन हात मारले तरी पिवळा डोकावतो. पार्किंगचा रंग आहे, दहा वर्षांची गॅरंटी.

चार वाजता वर गेलो. आईला उशी लावून टेकवलं होतं. केस ताईने विंचरले होते. मी खुर्ची घेऊन बसलो. सलाइन किती थेंबांनी चाललंय ते बघितलं, मग भिंतीवरचा प्लग, तो ढिला आहे. पहिला मुद्दा मांडला: बेड ठीक आहे ना?

ठीक आहे म्हणाली. मग विचारलं, ते धर्मांचं काम झालं का रे तुझं?

झालं म्हटलं.

सगळ्यांचं?

सगळ्यांचं.

ती म्हणाली, मग आता तिकडे भिंतीकडे काय बघतोस? तोंड इकडे कर.

खुर्ची फिरवली. करकरते. उद्या तेल घालायला सांगणे.